थोरलीच्या क्लचमधला आत्मा

"सूट रे जिवा, सूट!"

दीडशे गळे एकदम ओरडले, तशी गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं घाबरून उडाली. काही जण डोळे मिटून डोलत होते. एक आजोबा कवळी हातात धरून ओरडत होते, कारण मागच्या रविवारी ती ऐन जोशात निसटून पुढच्या बाईंच्या अंबाड्यात जाऊन बसली होती. मधोमध एक जुनी, फुगीर अंगाची काळी मोटार उभी. स्टिअरिंगमागे एक शिष्य. आणि समोर, कुठल्यातरी गाडीतून उचकटून आणलेल्या मागच्या सीटवर मांडी ठोकून बसलेले खुद्द पेडलमहाराज.

महाराजांचा शोध असा की, जुन्या गाड्यांत घरातल्या गेलेल्या माणसांचे आत्मे अडकतात, आणि ते नेमके क्लचमध्येच अडकतात. ब्रेकमध्ये का अडकत नाहीत, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. क्लचचं पेडल दाबलं की इंजिन आणि चाकं घटकाभर वेगळी होतात आणि गिअर गुपचूप पडतो, एवढं गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पेडल बिघडलं की गिअर खरखरतो, नाहीतर पडतच नाही. मग लोक मेकॅनिकऐवजी इथे येत. इथे मंत्राची एकवीस आवर्तनं व्हायची, दर आवर्तनाला शिष्य पेडल एकदा दाबायचा, आणि एकविसाव्याला चमत्कार व्हायचा.

आताही झाला. शिष्याने गिअर टाकला, तो चूं न करता पडला आणि काळी गाडी चार हात पुढे सरकली.

"सुटला! सुटला!" गर्दीने एकच गिल्ला केला. गाडीच्या मालकीणबाईंनी धावत जाऊन बॉनेटला मिठी मारली. बॉनेट तापलेलं होतं, म्हणून लगेच सोडली.

"अजून पुरता सुटला नाही, शांत झालाय," महाराज हात उंचावून म्हणाले. "आत्मा उत्तम स्थितीत आहे. एकहाती वापरलेला आहे. कुठेही ठोकलेला नाही. श्रद्धा कमी पडू देऊ नका, नाहीतर पुन्हा अडकेल. पुढच्या रविवारी दाखवायला आणा."

"हा आत्म्याबद्दल बोलतोय का सेकंडहँड स्कूटरबद्दल?" तिसऱ्या रांगेतली धाकटी पुटपुटली.

"गप्प बस," शेजारून आई म्हणाली. "ऐकतील ते."

या धाकटीला धाकटी का म्हणायचे हे सांगायला हवं, कारण तिला मोठी बहीण नव्हती. मोठा भाऊही नव्हता. थोरली होती ती गाडी. सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची, दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज करणारी. बाबांनी ती लग्नाच्याही आधी घेतलेली. बाबांचं स्वतःचं गॅरेज होतं. सहा दिवस लोकांच्या गाड्या आणि रविवारी थोरली, असा त्यांचा आठवडा. मुलगी झाली तेव्हा पाळण्यात डोकावून म्हणाले, "चला, थोरलीला बहीण झाली." झालं! ती जन्माची धाकटी. तिचं खरं नाव फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये घेतलं जायचं.

बाबांना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. धाकटी हॉस्पिटलात नर्स होती आणि तिचं लग्न ठरलं होतं एका ग्रंथपालाशी. मुलगा लाखात एक, पण आवाज इतका बारीक की त्याचं 'नको' कोणाला ऐकूच जायचं नाही, आणि तो बिचारा रोज चार कप जास्तीचा चहा प्यायचा. महिन्यापूर्वी आईने मोठ्या मनाने थोरलीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. "चालव. त्यांनाही बरं वाटेल." चौकात सिग्नल हिरवा झाला, होणाऱ्या जावयाने पेडल दाबलं, गिअर टाकला, आणि आवाज आला.

खर्रर्रर्र!

मागे बसलेल्या आईच्या अंगावर सरसरून काटा आला. बाबांना एखादी गोष्ट पसंत नसली की ते वाद घालत नसत. घसा खाकरत. असाच.

"ऐकलंस? हे त्यांचंच खाकरणं!"

"आई, गिअर आहे तो."

खर्रर्रर्र!

"बघ, बघ! पुन्हा नाही म्हणाले."

जावईबापूंनी घाबरून गाडी बंद केली आणि बारीक आवाजात माफी मागितली. ती कोणाला ऐकू गेली नाही. आईने त्याच दिवशी पत्रिकांची छपाई थांबवली. मग काका मधे पडले. काका म्हणजे बाबांचे सख्खे भाऊ. कुठेही नवं खूळ निघालं की दाराशी पहिली चप्पल यांची. मंत्राने भारलेला चुंबक त्यांनी सहा महिने उशाला घेतला होता. "वहिनी, आपल्याला पेडलमहाराजांशिवाय तरणोपाय नाही," ते म्हणाले, आणि सगळे इथे येऊन थडकले.

आता थोरलीचा नंबर लागला. एक शिष्य वहीतून काहीतरी वाचत महाराजांच्या कानाशी लागला. महाराजांनी डोळे मिटले, मान मागे टाकली.

"कोणीतरी बोलतंय… हाताला ऑइलचा वास आहे… म्हणतंय, थोरली… थोरली घरात असताना धाकटीचं आधी कसं?"

आईने पदर तोंडाला लावला. काकांचे डोळे बशीएवढे झाले. "वहिनी! यांना थोरलीचं कसं कळलं?"

"काका, तुम्हीच फाटकापाशी त्या वहीवाल्याला पाऊण तास सांगत होतात."

"मी शिष्याला सांगितलं. महाराजांना कुठे सांगितलं?"

धाकटीने कपाळाला हात लावला.

"थोरलीला आधी निरोप द्या," महाराज म्हणाले. "पुढच्या रविवारी तिला इथे आणून सोडा. मगच धाकटीचं शुभ होईल. येताना गाडीची कागदपत्रं आणा."

"आत्म्याला कागदपत्रं लागतात?" धाकटीने विचारलं.

"लागतात. दोन्ही किल्ल्याही लागतात. आणि स्टेपनी."

मग एकवीस वेळा 'सूट रे जिवा' झालं आणि थोरलीचा गिअर खरोखर पडला. आई ढसाढसा रडली. परतताना दोन सिग्नल नीट पार पडले. तिसऱ्याला खर्रर्र!

"अजून राग गेला नाही त्यांचा," आई म्हणाली. "पुढच्या रविवारी देऊन टाकू थोरलीला. आणि तुझ्या लग्नाचं, ते हो म्हणेपर्यंत राहू दे."

धाकटीचा पारा चढला. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सव्वा वर्षात पहिल्यांदा बोललेत गं ते माझ्याशी." त्या भोंदूचा तिला राग होता, पण आईचं हे ऐकल्यावर नुसतं 'खोटं आहे' म्हणून भागणार नव्हतं. आईला डोळ्यांनी दाखवावं लागणार होतं.

बुधवारी ती वॉर्डमध्ये एका निवृत्त पैलवानाला सलाइन लावत होती. पैलवान सुईला घाबरणारा. नळीतला बुडबुडा बघून त्याची बोबडीच वळली.

"सिस्टर, हवा! हवा आहे त्यात!"

"काढते हो," म्हणत तिने नळीला टिचकी मारली. हवा वर सरकली आणि धाकटीचा हात तिथेच थांबला. रविवारी घरी येताना गाडी तिने चालवली होती. पेडल कसं लागलं होतं पायाला? उशीवर पाय ठेवावा तसं, मऊ. तिने एक रिकामी सिरिंज घेतली, पाण्याने भरली, तोंडावर अंगठा दाबला आणि दट्ट्या रेटला. ढिम्म हलेना. मग अर्धं पाणी, अर्धी हवा घेतली. दट्ट्या आरामात आत गेला आणि सोडल्यावर परत आला.

"सिस्टर, माझं सलाइन," पैलवान कळवळून म्हणाला.

गुरुवारी दुपारी ड्यूटी संपवून ती थेट घरालगतच्या बाबांच्या गॅरेजमध्ये गेली. ग्रंथपालालाही बोलावून घेतलं. थोरलीत बसली, पेडल एकदा दाबलं, गिअर टाकला. खर्रर्र! मग तिने महाराजांच्याच चालीत वॉर्डातली यादी सुरू केली, "ताप, सर्दी, खोकला, जुलाब!" आणि दर शब्दाला पेडल भराभर दाबलं. गिअर पडला, एकदम गुपचूप. दोन मिनिटं स्वस्थ बसून पुन्हा प्रयत्न केला. खर्रर्र! मग अकरा वेळा दाबून बघितलं. तरी पडला. म्हणजे आत्म्याचं अकरात भागत होतं. उरलेली दहा महाराजांची हौस.

तोवर ग्रंथपालाने फळीवरची बाबांची कामाची वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली होती. पुस्तक म्हटलं की हा माणूस मधे थांबायचा नाही. एका पानावर बाबांनी थोरलीच्या क्लचचं चित्र काढलं होतं. पेडल दाबलं की वरच्या लहान सिलिंडरमधलं ऑइल रेटलं जातं, ते नळीतून खालच्या सिलिंडरमध्ये जातं आणि तिथला दट्ट्या क्लचला ढकलतो.

"ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते," धाकटी म्हणाली. "नळीत हवा शिरली की पायाचा सगळा जोर हवा चेपण्यातच जातो. दट्ट्या पुरता सरकत नाही. पण भराभर दाबलं की दर वेळी वरून थोडं जास्तीचं ऑइल आत येतं, हवा चेपून चेपून घट्ट होते, आणि तेवढ्यापुरतं काम होतं. थांबलं की ऑइल परत वर. पुन्हा खर्रर्र."

"मग हवा आली कुठून?" ग्रंथपालाने विचारलं. गॅरेज रिकामं असल्यामुळे ते ऐकू आलं.

बॉनेट उघडलं. क्लचच्या ऑइलची चहाच्या कपाएवढी डबी, तळाचं चमचाभर ऑइल सोडलं तर, कोरडी ठणठणीत होती. बाबा दर रविवारी ती बघायचे. सव्वा वर्षात कोणी झाकण उघडलं नव्हतं. खाली बॅटरी मारून पाहिलं, तर खालच्या सिलिंडरपाशी सगळं ओलं. त्याच्या आतलं नाण्याएवढं रबर झिजून ऑइल थेंब थेंब गळत होतं. धाकटीला एकदम आठवलं. आई रोज सकाळी गाडीखालचा डाग फडक्याने पुसायची आणि म्हणायची, "थोरली रडते गं त्यांच्या आठवणीने." डाग पुसला जायचा आणि डबी रिकामी होत जायची.

वरच्या फळीवर बाबांचा बिस्किटांचा जुना डबा होता. त्यात एक कागदी पुडी, आणि पुडीवर बाबांच्या ठसठशीत अक्षरात चार ओळी. धाकटीने त्या वाचल्या, परत वाचल्या आणि पुडी ग्रंथपालापुढे धरली.

"आत्ताच दाखवूया का आईंना?" ग्रंथपाल हळूच म्हणाला.

"नको. आत्ता दाखवलं तर ती हे कवटाळून रडेल आणि गाडी तरीही देऊन टाकेल. आधी तिला हवा दाखवायची. मग हे."

पुडीत नवं रबर होतं. सुया टोचून टोचून तरबेज झालेल्या बोटांनी धाकटीने ते वही बघून बसवलं. ग्रंथपाल गाडीखालून बाहेर आला तेव्हा त्याचं नाक काळं झालं होतं आणि चेहरा कधी नव्हे इतका खूश होता. डबीत नवं ऑइल भरलं, आतली बरीचशी हवा काढली, पण थोडी मुद्दाम राहू दिली.

"मला अजून एक गोष्ट बघायचीय. वाचनालयात," ग्रंथपाल जाता जाता म्हणाला. धाकटी पाने-पकडी आवरत होती. तिला ऐकू गेलं नाही.

रविवारी आईने थोरलीला आंघोळ घातल्यासारखी धुतली, पुसली, आणि कागदपत्रांची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसली. काकांनी स्टेपनी दोनदा तपासली. ग्रंथपाल दर सिग्नलला पेडल धपाधपा दाबत होता.

"मनातल्या मनात मंत्र म्हणतोय वाटतं," काका कौतुकाने म्हणाले. "पोरगा श्रद्धाळू आहे."

गोदामात मागच्या वेळेइतकीच गर्दी. महाराज आज खास प्रसन्न होते. थोरलीभोवती फिरून त्यांनी टायर लाथेने ठोकून पाहिले, रंगावरून बोट फिरवलं आणि भानावर येऊन डोळे मिटले.

"महाराज," धाकटी पुढे झाली, "थोरली जायच्या आधी एकदा सगळ्यांसमोर चमत्कार होऊ दे. फक्त आज मंत्र चालू असताना शिष्याने पेडलला पाय लावायचा नाही. आत्मा काय, मंत्राने सुटतो ना?"

महाराजांच्या भुवया चढल्या. "पाय हा साधनेचा भाग आहे."

"होऊ द्या की हो!" कवळीवाले आजोबा ओरडले. "आत्म्याला पायाशी काय घेणं?"

गर्दीलाही तमाशा हवाच होता. शिष्याला पाय वर घेऊन बसवलं. एकवीस आवर्तनं खणखणीत झाली. मग त्याने पेडल एकदाच दाबलं आणि गिअर टाकला.

खर्रर्रर्र!

आई दचकली. गर्दीत कुजबुज झाली.

"आता मी," म्हणत धाकटी थोरलीत बसली. "मंत्र माझा. सगळ्यांनी म्हणा. साबण आण रे, साबण!"

लोक आधी हसले, मग म्हणू लागले. दीडशे माणसांनी गंभीरपणे एकवीस वेळा साबण मागवला. धाकटीने दर वेळी पेडल दाबलं, गिअर टाकला, आणि थोरली सुळकन पुढे सरकली.

"साबणात शुद्धी असते," महाराज घाईघाईने म्हणाले. "म्हणून आत्मा प्रसन्न झाला."

"मग तुम्हीच सांगा, अशुद्ध काय म्हणू?"

महाराज सांगेनात. आजोबांनी सांगितलं. त्यांनी कवळी खिशात घातली आणि बोळक्या तोंडाने चाल धरली, "लबाड रे बाबा, लबाड!" पहिली पाच आवर्तनं ते एकटेच होते. दहाव्याला अर्धं गोदाम त्यांच्या मागे होतं. एकविसाव्याला काकासुद्धा तल्लीन होऊन ओरडत होते. आपण काय ओरडतोय हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. गिअर पडला. इतका गुपचूप, की महाराजांना घाम फुटलेला तेवढा सगळ्यांना दिसला.

"आई, खाली ये," धाकटीने हाक मारली. "बाबा हवा काढायचे तेव्हा तू कुठे असायचीस?"

"वर. सीटवर," आई गोंधळून म्हणाली. "मी पेडल दाबायची. ते खालून सांगायचे, दाब. धर. सोड. तीस वर्षं दाबलंय मी. मटार सोलता सोलता दाबलंय."

"खाली काय होतं ते कधी पाहिलंस?"

"मला कोण दाखवणार? मला वाटायचं, गाडीला असं अधूनमधून दाबावंच लागतं." आई थांबली. महाराजांचा मंत्र तिला पहिल्याच दिवशी इतका ओळखीचा का वाटला, ते तिला आत्ता कळलं. पायाची सवय होती ती.

ग्रंथपाल सीटवर बसला. धाकटी गाडीखाली सरकली आणि आईलाही तिने शेजारी गोणपाटावर बसवलं. खालच्या सिलिंडरला हवा काढायचा एक बारका स्क्रू असतो. त्यावर तिने सलाइनची पारदर्शक नळी चढवली आणि नळीचं दुसरं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवलं. हातात पाना घेतला.

"दाब!"

"दाबलं."

"धर!" तिने स्क्रू सैल केला. नळीतून ऑइल आलं आणि त्याच्यासोबत बुडबुडे. मोठे, छोटे, बाटलीत बुडबुड करत वर आले. तिने स्क्रू आवळला. "सोड!"

वाकून बघणाऱ्यांपैकी एक मावशी किंचाळल्या, "आत्मा निघाला! बघा, आत्मा!"

"मावशी, हवा आहे ती."

"आत्मा म्हणजे तरी काय, हवाच की!"

"मग टायरमध्ये केवढा आत्मा कोंडलाय बघा," धाकटी गाडीखालून म्हणाली. "पंक्चर झालं की मोक्ष!"

मावशी हसल्या, मग सगळेच हसले. दाब, धर, सोड. दाब, धर, सोड. मधेमधे वरच्या डबीत ऑइल घालणं. आठव्या वेळी बुडबुडे संपले आणि नुसतं स्वच्छ ऑइल आलं. आई बाटलीकडे एकटक बघत होती.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच. आता तू वर बस."

आई स्टिअरिंगमागे बसली. पेडलवर पाय ठेवला. एकदाच दाबलं. पेडल घट्ट, भरीव लागलं. तिचा चेहरा बदलला; तीस वर्षांचा पाय तो, त्याला लगेच समजलं. तिने गिअर टाकला. आवाज नाही. काढला, परत टाकला. नाही.

"खाकरले नाहीत," आई पुटपुटली.

"कोण खाकरणार? रबर झिजलं होतं आणि डबी रिकामी होती."

"हा सगळा यंत्राचा भाग झाला!" महाराज सीटवर उभे राहिले. "पण थोरलीचा निरोप ठरलाय! तिला ठेवून घ्याल तर—"

"एक मिनिट!"

हा आवाज कोणाचा, म्हणून सगळे वळले. ग्रंथपाल होता. इतका मोठा आवाज त्याच्या घशात आहे, हे खुद्द त्यालाही नवीन होतं. त्याच्या हातात वर्तमानपत्रांतली कात्रणं होती.

"मी वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं लावतो," तो म्हणाला. "या गेल्या सहा महिन्यांतल्या छोट्या जाहिराती. 'जुनी मोटार विकणे आहे. एकहाती वापरलेली. उत्तम स्थिती. कुठेही ठोकलेली नाही.' अशा अकरा जाहिराती. आणि खालचा फोन नंबर," त्याने भिंतीकडे बोट केलं, "तिथे दर्शनाच्या वेळांखाली लिहिलाय तोच."

क्षणभर सगळे पाटी वाचत राहिले. मग एक जण ओरडला, "माझ्या सासऱ्यांची निळी गाडी! ती इथे सोडली होती मी!" दुसरा म्हणाला, "आमच्या आत्याची!" महाराज म्हणजे मुळात जुन्या गाड्यांचा दलाल. गिऱ्हाईक यायच्या आधी भराभर पेडल दाबून नादुरुस्त गाडी चालू करून दाखवायची, ही त्याची जुनी कला. पुढे त्याला सुचलं की गाडी विकत घेण्यापेक्षा भीती घालून ती फुकट मागावी, आणि बायाबापड्या हात जोडून आणून देतात.

महाराज तोवर मागच्या दाराने पसार झाले होते. तिथे त्यांची स्वतःची गाडी उभी होती. दीडशे माणसं मागे धावली. महाराजांनी इंजिन चालू केलं, गिअर टाकला.

खर्रर्रर्र!

आणि मग सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. महाराजांनी मंत्र म्हटला नाही, डोळे मिटले नाहीत, कोणा पूर्वजाला हाक मारली नाही. दात ओठ खाऊन पेडल धपाधपा दाबायला लागले. आजोबा खिडकीशी वाकले आणि गोड आवाजात म्हणाले, "मोजू का? पाच झाले." अकरा व्हायच्या आत लोकांनी किल्ली काढून घेतली. पोलीस त्यांना घेऊन गेले, ते पोलिसांच्या गाडीतून. तिचा क्लच ठणठणीत होता.

गर्दी पांगल्यावर आई थोरलीच्या पायरीवर बसून राहिली. दोन्ही किल्ल्या अजून हातातच होत्या.

"मला वाटलं होतं, ते बोलतायत," ती म्हणाली. "वेडीच मी."

धाकटी शेजारी बसली आणि खिशातून पुडीचा कागद काढला. "बोलले होते गं. तू ऐकत होतीस तिथे नाही, एवढंच."

आईने चष्मा लावला. कागदावर बाबांचं अक्षर होतं. 'क्लच. खालचं रबर. दोन वर्षांनी बदलणे.' खाली बदलायची तारीख, ती उलटून आठ महिने झालेले. आणि शेवटी, 'धाकटीच्या लग्नाच्या आधी नक्की. वरातीत खरखर नको.'

बाबांनी हे लिहिलं तेव्हा तिचं लग्न ठरायचंसुद्धा होतं. आईने तो कागद दोन्ही हातांनी धरला, वाचला, आणि मग ती जी रडली त्यात घाबरणं नव्हतं. थोड्या वेळाने डोळे पुसून ग्रंथपालाला म्हणाली, "जावईबापू, छापखान्यात जाऊन या. पत्रिका छापायला सांगा. आणि हो, जरा मोठ्याने सांगा."

लोकहो, हसा खुशाल, पण एक ध्यानात धरा. त्या गोदामातली माणसं मूर्ख नव्हती. त्यांचं कोणीतरी गेलं होतं आणि त्यांना आणखी एकदा ऐकायचं होतं. त्या ओढीवर कोणी दुकान थाटलं की विचारा. मंत्र बदलून बघा, पाय काढून बघा, वाकून खाली काय होतं ते बघा. खरं असेल ते विचारल्याने बिघडत नाही. आणि गेलेल्या माणसाचं काही ऐकायचंच असेल, तर ते हाताने काय काय करून, लिहून, जपून गेले ते आधी शोधा.

थोरली वरातीत सगळ्यांच्या पुढे होती. कुठेही खरखरली नाही. आता दर रविवारी आई स्वतः बॉनेट उघडते, चहाच्या कपाएवढी ती डबी बघते आणि झाकण घट्ट लावते. बिस्किटांच्या डब्यात नवीन पुडी आहे. तिच्यावर आईच्या अक्षरात लिहिलंय, 'क्लच. खालचं रबर. दोन वर्षांनी बदलणे. डाग दिसला तर पुसू नये, आधी डबी बघावी.'